करवंटीला बांधलेली किल्ली

मंगळवारी आमच्याकडे आठवडी बाजार भरतो आणि मंगळवारीच सकाळी माझ्या ऑफिसची मीटिंग असते. लॅपटॉपवर सगळे आपापल्या चौकटीत हसत बोलत असतात. मी कॅमेरा आणि आवाज दोन्ही बंद करून बसते, कारण बोलायची पाळी माझ्यावर येऊच नये असं वाटतं. नेमकी तेव्हाच दाराची कडी वाजते.

"काकू हायत का?"

"आहेत. पडल्यात जरा."

बाहेर उभ्या असलेल्या बाईला काय हवंय ते मला माहीत असतं. ते तिला बोलवत नाही आणि मला विचारवत नाही. आम्ही एकमेकींच्या पायांकडे बघत राहतो. शेवटी आतल्या पलंगावरून काकूंचा आवाज येतो, "किल्ली पाहिजे असेल तिला. दे. आणि विचार, कुणाची कोण ते."

मी खुंटीवरची किल्ली काढून देते. कुणाची कोण ते विचारत नाही. तेवढ्यात मीटिंगमध्ये कुणीतरी माझं नाव घेतलेलं असतं आणि मी जागेवर नसते.

किल्ली बाजारातल्या बायकांच्या संडासाची आहे. बाजार आमच्या घरासमोरच्या मैदानात भरतो, मधे रस्ता आणि एक पार. पारावर दिवसभर माणसं बसलेली असतात. किल्ली हरवू नये म्हणून काकूंनी ती नारळाच्या अख्ख्या करवंटीला बांधून ठेवली आहे. करवंटी घासूनपुसून काळीभोर केलेली, तिला भोक पाडून सुतळी ओवलेली. ती पदराआड मावत नाही, पिशवीत टाकली तरी फुगवटा दिसतो. काकूंना या युक्तीचा फार अभिमान आहे. "किल्ल्या हरवतात. करवंटी कधी हरवलेली ऐकलीस?"

काकू माझ्या वडिलांच्या काकू. सगळं गाव त्यांना काकू म्हणतं म्हणून मीही तेच म्हणते. त्यांचं माहेर समुद्रकाठचं. लग्न करून त्या चुडाव्याच्या स्टेशनावर उतरल्या आणि पुढे बैलगाडीनं या गावात आल्या, त्याला आता साठ वर्षं होऊन गेली असतील. तेव्हा स्टेशनाबाहेर नजर जाईल तिथपर्यंत काळं रान आणि मधे एखादं बाभळीचं झाड. त्यांना वाटलं, भरतीचं पाणी ओसरून नुसता चिखल उरलाय आणि पाणी आता परत येईल. हे त्या अजून सांगतात आणि दर वेळी नवीनच सांगितल्यासारखं हसतात. बरोबर एक ट्रंक होती आणि ट्रंकेला पितळी कुलूप, कारण त्यांच्याकडच्या खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही.

काका शाळामास्तर होते. मूलबाळ झालं नाही. काका शाळेत गेले की काकू ओसरीवर शेजारपाजारची पोरं गोळा करून बसायच्या, त्याची पुढे बालवाडी झाली. गावात आज जे पन्नाशीचे पुढारी आहेत, त्यांतल्या निम्म्यांची नाकं काकूंनी पुसलेली आहेत, आणि त्या हे त्यांना भर बैठकीत ऐकवतात. मोठ्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बायकांची तान्ही मुलं त्यांनी झाडाखाली झोळ्या बांधून सांभाळली. अडलेल्या बाळंतिणीला जीपमध्ये घालून नांदेडला नेलं, तेही अनेकदा. शिवणयंत्रं आणवली, बायकांना बँकेत नेऊन सही करायला लावली. दर महिला दिनाला कुणीतरी त्यांना शाल आणि नारळ देतं. शाली त्या थंडीत भाजीवाल्या बायकांना वाटून टाकतात, नारळाची चटणी करतात. आमच्या गावातल्या कांदेवालीच्या अंगावर जरीकाठाची सत्काराची शाल दिसते, ती अशी.

हे सगळं मला ऐकून माहीत होतं. काकूंबरोबर राहायला मी आले ती गेल्या वर्षी, मोरीत घसरून त्यांचा खुबा मोडला तेव्हा. ऑपरेशन झालं, आणि घरात कुणीतरी हवं असं ठरलं. बाबा म्हणाले, "तुझं काम तर लॅपटॉपवरच आहे. परभणीत काय नि तिथं काय." मी काही बोलले नाही. न बोलणं म्हणजे हो, असं आमच्या घरात धरतात.

काकूंची सेवा जड गेली नाही. जड गेली ती किल्ली. काकू चालत्याफिरत्या होत्या तोवर किल्ली देणं हा त्यांचा मंगळवारचा दरबार असे. आता त्या आत पलंगावर, आणि दारात मी.

संडासाची गोष्ट काकूंच्याच तोंडून सांगायला हवी, पण त्या ती फार लांबवतात. एका उन्हाळ्यात बाजारात फिरताना त्यांनी एका भाजीवालीला तांब्याभर पाणी दिलं. ओठ फुटलेले, तरी ती घेईना. काकू म्हणाल्या, घे ग, थंड आहे. ती म्हणाली, "पाणी पिलं की मग जायचं कुठं, काकू?" सकाळी गावाहून निघाल्यापासून दिवे लागेपर्यंत बाजारातल्या बायका पाणी पीत नव्हत्या. काकू इतकी वर्षं त्याच बाजारात भाजी घेत होत्या आणि त्यांना ते दिसलं नव्हतं. घरी येऊन त्या जेवल्या नाहीत म्हणे.

मग बरीच वर्षं गेली. प्रत्येक सभेत काकू उभ्या राहायच्या आणि एकच विचारायच्या, "बाजारात बायकांनी मुतायचं कुठं?" पुरुष छताकडे बघायचे. एकदा एकजण म्हणाला, काकू, जरा चांगला शब्द वापरा. त्या म्हणाल्या, तू चांगली जागा दे, मी चांगला शब्द देते. मला ही गोष्ट ऐकतानासुद्धा संकोच होतो.

शेवटी बांधकाम झालं. दोन खोल्या, मधे भिंत, बाहेर टाकी. पहिल्याच महिन्यात एका खोलीत कुणाच्यातरी केळ्यांच्या टोपल्या ठेवलेल्या सापडल्या, दुसरीत रात्री माणसं बाटल्या घेऊन बसू लागली. नळाची तोटी गेली. काकूंनी घरी येऊन ट्रंकेचं पितळी कुलूप काढलं, बाहेरच्या दाराला लावलं आणि किल्ली आमच्या खुंटीवर आणली. तेव्हापासून तो संडास स्वच्छ आहे. खरोखर स्वच्छ आहे, सरकारी वाटत नाही. पेपरात फोटो आला होता, काकू हातात करवंटी घेऊन उभ्या.

एका मंगळवारी मी मेथी घ्यायला बाजारात गेले. चुडाव्याकडून एक मेथीवाली येते, चाळिशीची असेल, बोलायला मोकळी. तिच्यासमोर मला फार बोलावं लागत नाही म्हणून मी तिच्याकडेच जाते. ऊन असं होतं की पालाही मान टाकत होता. ती ओल्या पोत्यानं जुड्या झाकत होती. शेजारी सावलीत पाण्याची बाटली, गळ्यापर्यंत भरलेली. दुपार उलटली होती.

मी बाटलीकडे बघत राहिले असणार, कारण ती म्हणाली, "पाह्यजे का पाणी? घ्या की ताई. मी न्हाई पीत."

मी म्हटलं, "किल्ली आहे ना. समोरच घर आहे."

ती हसली आणि पोतं झटकू लागली. "हाय की. काकू लय चांगल्या हायत. माझ्या पोरीला साळंत त्यांनीच घातलं. त्यांना सांगू नगा बरं का."

"काय?"

"न्हाई, म्हंजे, गेलं की काकू इचारणार, कुणाची तू, कुठली, सासू बरी हाय का, मागल्या बारीला पाणी नीट टाकलंतं का. दर मंगळवारी त्येच. आपल्याला लागलेली असती घाई." तिनं शेजारणीकडे बघितलं. शेजारची कांदेवाली तोंडाला पदर लावून हसत होती. "अन् ती करवंटी. पारावरनं जायाचं ती घिऊन. समद्या बाजाराला कळतंय ना, आता ही कुठं चालली ते."

कांदेवाली म्हणाली, "पारावरचे म्हणतेत, निघाली बघा नारळ फोडायला."

दोघी हसल्या. मीही हसले.

मी इंग्रजी शाळेत शिकले. वर्गातून बाहेर जायचं तर करंगळी वर करून उभं राहायचं आणि पूर्ण वाक्य म्हणायचं, मॅम, मे आय गो टू द वॉशरूम. अर्धं वाक्य चालत नसे. मॅम मुद्दाम 'पार्डन' म्हणायच्या आणि ते सगळ्या वर्गासमोर पुन्हा म्हणावं लागे. मी ते वाक्य कधी म्हटलं नाही. मी पाणी प्यायचं सोडून दिलं. रोज संध्याकाळी आई दप्तरातून भरलेली बाटली काढायची आणि ओरडायची, एवढं उकळून गाळून देते, पीत का नाहीस. मी सांगितलं नाही. अजूनही तिला माहीत नाही.

म्हणून ती मेथीवालीची बाटली मला लगेच ओळखता आली. काकूंनी आयुष्यात कधी काही मागायला लाजून बघितलं नसेल. मागणं अवघड असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही, कारण ज्यांना ते अवघड जातं त्या सांगत नाहीत.

त्यानंतर मी चिडलेलीच होते. कुणावर, ते ठरत नव्हतं. काकूंना औषध देताना सांगायचं असं ठरवायचे आणि औषध देऊन परत यायचे. बाबांना फोन केला तर म्हणाले, "या वयात त्यांच्या मनाविरुद्ध काही करू नकोस. राहिलेत किती दिवस. चालू दे की." म्हणजे बायकांनी तोवर तहानलेलं राहावं. हे मी बोलले नाही, फोन ठेवल्यावर भिंतीला म्हटलं.

मग, मला अजून आश्चर्य वाटतं, मी ग्रामपंचायतीच्या कार्यालयात गेले. संडासावर दिवसा कुणी माणूस ठेवता येईल का, झाडायला आणि लक्ष ठेवायला, एवढंच विचारायचं होतं. वाक्य घरून पाठ करून गेले होते. तिथल्या साहेबांनी मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला.

"काकू कशा हायत आता?"

"बऱ्या आहेत. ते बाजारातलं शौचालय..."

"काकूंचं ना? वा. जिल्ह्यात न्हाई असं दुसरं."

"काकूंचं नाही ते. आपलं आहे. म्हणजे, गावाचं."

"तसं कसं म्हणता ताई? कुलूप त्यांचं, किल्ली त्यांची. त्यांच्या कामात आमी हात घातला तर त्या आमाला सोडतील का? माझं नाक पुसलंय त्यांनी." ते मोठ्यानं हसले. "काकू हायत तोवर आमाला काळजीच न्हाई."

मी चहा पिऊन परत आले. रस्ताभर मला कळत होतं की काकूंनी ती जागा गावापासून वाचवली, आणि गाव त्याच दिवशी मोकळं झालं. आता ना झाडायची जबाबदारी, ना तोटी बदलायची. वर दरवर्षी एक शाल.

त्याच संध्याकाळी मी काकूंना सांगितलं. त्यांची वेणी घालत होते. मागे उभी होते म्हणून सांगता आलं, समोरून जमलं नसतं. मेथीवालीचं नाव घेतलं नाही, एक बाई म्हणाली एवढंच म्हटलं.

काकूंनी मांडीवरचा कंगवा उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "लाज कसली? चोरी करायल्यात का?" इतक्या वर्षांत माहेरची बोली गेली आहे, राग आला की इथलीच येते.

"चोरी नाही. पण मागावं लागतं ना."

"मग मागायचं. मी मागितलं नाही? जन्मभर मागितलं. त्या खोल्या आभाळातून पडल्या नाहीत, बाई."

"सगळ्यांना नाही जमत, काकू. मला नसतं जमलं."

"तुझं सोड. तू भूक लागली तरी सांगत नाहीस. डब्यांचे आवाज ऐकून मला कळतं." त्यांनी माझ्या हातातून वेणी ओढून घेतली आणि तशीच अर्धवट बांधली. "मी त्यांची चौकशी करते ती काय हौस म्हणून? कुणाला काय दुखतं, कुणाचा नवरा मारतो, कुणाची पोर शाळेतून काढली, मला कसं कळणार? किल्लीला येतात म्हणून कळतं."

तेही खरंच होतं.

दोन दिवस त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या. तिसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाल्या, "काढ कुलूप. दार उघडं ठेव. बघ किती टिकतं. आणि जे जाईल ते मला येऊन सांगायचं, लपवायचं नाही."

पहिल्या मंगळवारी आतला पाण्याचा मग गेला. मी सांगितलं. काकू म्हणाल्या, "हं." पुढच्या मंगळवारी बादली होती, पण आत एवढी घाण की मी नाकाला ओढणी बांधून फिनेल ओतत राहिले आणि रडू आलं ते रागानं आलं की वासानं, सांगता येणार नाही. त्याच्या पुढच्या वेळी दारात लसणाची पोती रचलेली. लसूणवाला पलीकडे तंबाखू मळत होता. मी पोत्यांसमोर जाऊन उभी राहिले. नुसतीच उभी राहिले, हातात फिनेलची बाटली घेऊन.

"काय पाह्यजे ताई?"

"पोती."

"लसूण पाह्यजे?"

"नाही. ही पोती काढा इथून."

"का? घंटाभर तर ठिवायलोय." मग त्यानं मला नीट बघितलं. "काकूंच्या घरच्या न्हवं तुमी? काकूंनी सांगितलं का?"

मी हो म्हटलं. त्यानं निमूट पोती उचलली. मला त्याचाच सर्वांत जास्त राग आला. ते दार कुणाचंही नव्हतं, फक्त काकूंचं होतं, आणि मला त्याच्यासमोर उभं राहायचं तर काकूंचंच नाव लागत होतं.

घरी आले की काकू विचारतात, "आज काय गेलं?" मी सांगते, आतली कडी निघाली, किंवा आज काही नाही. पितळी कुलूप त्यांच्या उशीखाली आहे. त्या ते कधी कधी काढून पदरानं पुसतात. "अजून वेळ आहे," म्हणतात. "बस म्हणशील तेव्हा लावू परत." करवंटीची सुतळी त्यांनी स्वतः सोडली आणि करवंटी खिडकीत ठेवली. मी तिच्यात पिना टाकते.

आता मंगळवारी सकाळी माझी मीटिंग शांतपणे होते. कडी वाजत नाही. हेच तर मला हवं होतं. पण काकू केस विंचरून, लुगडं नीट करून, उशीला टेकून बसलेल्या असतात. बाजाराचा आवाज वाढत जातो आणि त्या दाराकडे बघत राहतात.

"कुणी आलं का ग?"

"नाही."

"मेथीवालीची पोर दहावीला होती. काय झालं तिचं?"

"माहीत नाही, काकू."

"तुला कसं माहीत असणार. तू विचारत नाहीस."

गेल्या मंगळवारी मी मेथी घ्यायला गेले, घरात मेथी असूनही. पालमकडची कुणी पाहुणी मेथीवालीशेजारी बसली होती, दोघींच्या गप्पा चालू होत्या. बाटली जवळजवळ रिकामी होती. माझ्यादेखत मेथीवाली उठली, पदर खोचला, पाहुणीला म्हणाली, "बस, आले मी," आणि पारासमोरून हात हलवत, काही न घेता, सरळ त्या दारात शिरली. पारावरच्या कुणी मान वर केली नाही. तिनं माझ्याकडेही पाहिलं नाही. बाहेर आली तशी हात झटकत येऊन बसली आणि मला म्हणाली, "किती देऊ?"

मला तिला घरी बोलवायचं होतं. बाजार उठला की या, काकू वाट बघतात, पोरीचं काय झालं ते त्यांना सांगा, एवढंच. ती पाहुणी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "दोन जुड्या."

घरी काकूंनी मेथी बघितली, मला बघितलं. "येणार आहे का ती?"

"मी विचारलं नाही."

"दोन जुड्या आणल्यास आणि विचारलं नाहीस." त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. "किल्लीपायी का होईना, येत होत्या. आता पुढच्या मंगळवारी विचार. मला बाजारात जाता आलं असतं तर तुझ्या तोंडाकडे बघितलं नसतं."

मी परातीत मेथी घेऊन लॅपटॉपसमोर बसले. कॅमेरा बंदच होता. पानं खुडता खुडता मेथीवालीला म्हणायचं ते वाक्य पुटपुटून बघितलं. पहिल्यांदा फार लांब झालं. मग 'काकू वाट बघतात' एवढंच ठेवलं, तरी शेवटी आवाज बसत होता. मंगळवारपर्यंत ते जमायला हवं.